डाव्या कानावरचे दोन काप

‘कुठले जाधव?’ हा प्रश्न आपल्याकडं कुणी सहज विचारत नाही, सहज विचारल्यासारखं दाखवतात एवढंच. विचारणारा हसतो, चहाचा कप पुढं सरकवतो, पण त्याचं सगळं लक्ष उत्तराकडं असतं. दीपमाला जाधवनं या प्रश्नाचं उत्तर अठराव्या वर्षीच घोटून ठेवलं होतं. ‘शिरूरकडचे,’ ती म्हणायची. शिरूर कासारला तिचं कुत्रंसुद्धा ओळखीचं नव्हतं. एकदा एसटी तिथं पंधरा मिनिटं थांबली होती, तेवढाच काय तो संबंध. पण शिरूर म्हटलं की ऐकणारा ‘हां, कोरडा मुलूख, ऊसतोडीचा भाग,’ म्हणून मान हलवतो आणि पुढं खणत नाही. तिला तेवढंच हवं असायचं.

खरं गाव हिवरटाकळी. वडवणीहून दोन कोसांवरचं हे बाजाराचं गाव. बाजारतळाच्या मागं ओढा, ओढ्यापलीकडं कैकाड्यांची वस्ती, आणि वस्तीच्या कडेचं पत्र्याचं घर बजरंग आणि चंद्रभागाबाईचं. दोघं डालगी, टोपल्या, धान्याच्या कणग्या विणायचे. पाऊस सरला की कोयते घेऊन कारखान्याकडं जायचे. आणि बारा महिने दारात पाच-सात डुकरं.

ही डुकरं कुणी बांधून ठेवत नाही. सकाळी सोडली की ती गावभर फिरून पोट भरतात आणि दिवस कलला की आपापल्या दाराशी येतात. वस्तीत अशी शंभरेक डुकरं, सगळी सारखी काळी. मग कुणाचं कोणतं हे ओळखायचं कानावरून. पिलू महिन्याचं झालं की त्याच्या कानाला घराचा काप द्यायचा. कुणाचं उजव्या कानाचं टोक उडवलेलं, कुणाचं मधोमध भोक. बजरंगच्या घरचे डाव्या कानाच्या खालच्या कडेला दोन काप, बोटभर अंतरानं. बजरंग कापायचा, चंद्रभागाबाई पाय धरायची आणि सात वर्षांची दीपमाला कापावर हळद आणि राख दाबून धरायची. ‘घट दाब, न्हाईतर माशी बसंल,’ बाप म्हणायचा. दाबता दाबता तिच्या बोटांना तो काप पाठ झाला होता.

दहाव्या वर्षी तिला आश्रमशाळेत घातलं. हुशार निघाली. पुढं बीडला वसतिगृहात आली, तेव्हा खोलीतली एक मुलगी पहिल्याच आठवड्यात नाक उडवून म्हणाली, ‘तुझ्या कपड्यांना कसला वास येतो गं?’ कपडे नवे होते, दुकानातून आदल्या दिवशी आणलेले. वास कुठून येणार? पण त्या दिवसापासून दीपमाला दोनदा अंघोळ करायला लागली. उन्हाळ्यात बीडला टँकरच्या पाण्यासाठी भांडणं जुंपायची, तेव्हाही दोनदाच. लोकांना वाटायचं, पोरगी लई सोवळ्याची.

त्याच वर्षी उसाची ट्रॉली उलटून बजरंग गेला. दहाव्याच्या विधीनंतर दीपमाला वस्तीत मुक्कामाला अशी कधी गेलीच नाही. मग आईच यायची. महिन्यातून एकदा चंद्रभागाबाई बीडच्या बसस्थानकावर उतरायची, दोघी तिथल्याच बाकावर तासभर बसायच्या, आई पिशवीतून तुरीची डाळ काढून द्यायची आणि परतीची गाडी धरायची. एकदा दीपमालानं तोंडदेखलं म्हणून पाहिलं, ‘माय, खोलीवर चल की.’ चंद्रभागाबाई म्हणाली, ‘नगं बाई, मला जिने चढवत न्हाईत.’ खोली तळमजल्यावर होती, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.

आता दैवाची थट्टा बघा. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेऊन पोरीनं नोकरी शोधली, तर पुण्याच्या एका संस्थेच्या प्रकल्पाची जाहिरात समोर आली. ‘विषाणू चाचणीसाठी तंत्रज्ञ, बीड कार्यालय.’ तिनं अर्ज केला, मुलाखत दिली, नेमणूक झाली. कामाचा कागद हातात आला तेव्हा दुसरी ओळ वाचली: डुकरांमधील इन्फ्लुएंझा. ज्या वासापासून ती इतकी वर्षं पळत होती, तोच पगारपत्रकावर येऊन बसला.

पण कामात ती रमली, हेही खोटं नाही. आधी डुकराच्या नाकातला नमुना बर्फात घालून पुण्याला जायचा आणि अहवाल यायला आठ-दहा दिवस लागायचे. तोवर डुक्कर विकलं तरी जायचं, नाहीतर मेलं तरी असायचं. आता जेवणाच्या डब्याएवढं यंत्र होतं. नाकात काडी फिरवायची, ती नळीतल्या पाण्यात बुडवायची, ते पाणी कुपीत घालून यंत्रात ठेवायचं आणि थांबायचं. विषाणू नसेल तर पडद्यावरची रेघ आडवी झोपून राहते. असेल तर सव्वा तासाच्या आत डोकं वर काढते. नव्या माणसांना ती समजावून सांगायची, की डुकराला माणसाचाही फ्लू होतो आणि पाखराचाही, दोन्ही एकाच अंगात भेटले तर त्यातून तिसराच काही निपजू शकतो, म्हणून ही राखण. आणि डुकराकडून माणसाला जातो तसा माणसाकडूनही डुकराला जातो, हेही ती न चुकता सांगायची. हे दुसरं वाक्य लोक फारसं मनावर घेत नसत.

प्रकल्पाचे प्रमुख डॉक्टर प्रविण. माणूस भला, फक्त घाईचा. जानेवारीत त्यांनी गावांची यादी टेबलावर ठेवली. चौसाळा, वडवणी आणि त्याखाली हिवरटाकळी. तिथल्या शाळेचे एक मास्तर स्वाइन फ्लूनं बीडच्या दवाखान्यात पडले होते आणि गाव डुकरांवर खवळलं होतं.

दीपमालानं ती यादी दोनदा वाचली. ताप आला म्हणून घरी राहावं, तर फ्लूच्या प्रकल्पात तापाची सबब चालत नाही. सरांनी तिच्याच नाकात काडी घातली असती. तिनं आईला फोन लावला. चंद्रभागाबाई म्हणाली, ‘मी हितं कुठं? तुराट्या निघाल्यात. तीन कोसांवर एका पाटलाच्या वाड्यावर कणग्या विणाया आलेय. परवा यीन.’ दीपमालानं सुटकेचा श्वास टाकला. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं.

हिवरटाकळीला पोचल्यावर तिनं जनावरांच्या दवाखान्याच्या ओसरीवर यंत्र मांडलं आणि म्हणाली, ‘सर, मी यंत्रापाशीच थांबते.’ प्रविण सर आणि ड्रायव्हर राधाकिशन वस्तीत गेले. दोघंही बीडचे, वस्ती त्यांना नवी. तोंडावर मास्क, डोळ्यांवर मोठा चष्मा, अंगात पांढरा झगा घालून दीपमाला आत बसली. त्या झग्यात तिला जन्मात वाटलं नव्हतं एवढं सुरक्षित वाटत होतं. दुपारपर्यंत अठरा नमुने आले. मालकांनी स्वतः डुकरं धरून दिली होती, नावं बिनचूक लिहिलेली होती.

मग सरांचा फोन आला. ‘बाजारतळावरच्या उकिरड्यावर एक डुक्कर खोकतंय. काड्या संपल्यात, तू पेटी घेऊन ये.’

जावं लागलं. राधाकिशननं फासाच्या काठीनं डुक्कर भिंतीला दाबून धरलं होतं. नाकातून शेंबूड, डोळे चिकटलेले, दर श्वासाला बरगड्या ओढल्या जात होत्या. दीपमाला वाकली, काडी नाकात फिरवली आणि मान आवरायला डावा कान धरला. तिच्या बोटांना हातमोज्यातून दोन काप लागले. बोटभर अंतरानं.

तिनं कान सोडला, पुन्हा धरला. फरक पडायचं कारण नव्हतं.

‘कुणाचं आहे हे?’ सरांनी बाजूच्या चहावाल्याला विचारलं. वस्तीतलं कुणीच तिथं नव्हतं. चहावाला कपबशा विसळत, मान वर न करता म्हणाला, ‘ह्या उकिरड्यावरची समदी भामाबाईची. दुसऱ्या कुणाची असणार?’

‘लिही,’ सर म्हणाले. ‘नमुना एकोणीस. मालक भामाबाई.’

आता बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं. पण त्या वाक्याच्या मागं दुसरा प्रश्न उभा होता: तुला कसं कळलं? शिरूरकडच्या जाधवांच्या मुलीला डुकराचा कान कसा वाचता येतो? दीपमालानं नळीवर चिठ्ठी चिकटवली आणि आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, भामाबाई. मोबाइलवर डुकराचा फोटो घेतला, कानासकट. तिला वाटलं, रेघ आडवीच राहील. अठराच्या अठरा राहिल्यात, हीही राहील. मग नाव कुणाचंही असलं तर काय बिघडतं?

रेघ आडवी राहिली नाही. पाऊण तासात तिनं डोकं वर काढलं.

प्रविण सरांनी चाचणी पुन्हा लावायला सांगितली, पुन्हा तेच. पक्क्या खात्रीसाठी नमुना पुण्याला जाणार होता, पण तोवर नियम स्पष्ट होता. ज्या मालकाचं डुक्कर, त्याची सगळी डुकरं चौदा दिवस एका जागी कोंडायची आणि खायला मालकानंच घालायचं. आजारी डुक्कर तेवढं दवाखान्याच्या आवारात वेगळं ठेवलं. राधाकिशनच्या पोटात काही राहत नसे. सर अहवाल लिहीपर्यंत बातमी बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती आणि गावातली चार वजनदार माणसं ओसरीपुढं येऊन उभी होती. मास्तरला कुणाच्या डुकरानं पाडलं हे त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. सर समजावत होते, ‘अहो, उलटंही असेल, मास्तरांकडून डुकराला गेला असेल.’ मास्तरानं डुकराला आजारी पाडलं, ही गोष्ट ऐकून घ्यायची गावाची तयारी नव्हती.

भामाबाईला बोलावून आणलं. साठीची, वाळकी, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. अकरा डुकरांवर आणि विणलेल्या टोपल्यांवर तिचं चालायचं. लहानपणी दीपमाला तिच्या अंगणात खेळलेली. भामाबाई पायरीखाली उभी राहिली आणि म्हणाली, ‘सायब, माजं डुकर आजारी न्हाई. मी सकाळी समदी बघूनच सोडली.’

‘हे तुमचंच आहे ना?’ सरांनी दीपमालाला खूण केली. मोबाइल तिच्याजवळ होता. तिनं फोटो काढला आणि स्वतःच्या हातानं भामाबाईसमोर धरला.

भामाबाईनं डोळे बारीक करून बघितलं. ‘हा कान माजा न्हाई.’

‘मग कुणाचा?’

भामाबाईनं मोबाइलवरची नजर काढली. वस्तीची एक जुनी रीत आहे. सरकारी माणसापुढं आपला कान असेल तर आपला म्हणायचं, नसेल तर नाही म्हणायचं, पण दुसऱ्याचा कान ओळखून द्यायचा नाही. एकेकाळी असं कुणी नाव घेतलं आणि पोलिसांनी त्या घराची पार दशा केली, तेव्हापासूनची ही रीत. भामाबाईला कान कुणाचा ते पहिल्या नजरेत कळलं होतं. चंद्रभागाबाई गावात नाही, हेही तिला ठाऊक होतं. पाठीमागं नाव कसं घ्यायचं?

‘बाई, नाव सांगा, नाहीतर मला तुमचंच धरावं लागेल,’ सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, दमणूक होती.

भामाबाईनं सरांकडं बघितलं, त्या चार माणसांकडं बघितलं आणि मग पांढऱ्या झग्यातल्या पोरीकडं वळली. बाईमाणूस म्हणून असेल. ‘पोरी, तू तरी सांग यास्नी. ह्ये दोन काप हायेत. माज्या घरचं टोक उडवल्यालं असतंय, उजव्या बाजूचं. ह्यो फरक तुला दिसत न्हाई का?’

‘मला त्यातलं काही कळत नाही, मावशी,’ दीपमाला म्हणाली.

मास्कमधून आवाज दबून आला. भामाबाईनं मान हलवली, जणू शिकल्यासवरल्या पोरीला हे कळायचं तरी कसं, आणि पायरीवरून बाजूला झाली.

दिवस मावळायच्या आत अकरा डुकरं कोंडवाड्यात गेली. कोंडवाडा जुना, चार म्हशी मावतील एवढा. त्यात एक डुकरीण आठवड्यापूर्वी व्यालेली, तिच्यामागं आठ पिलं. भामाबाई म्हणत होती, ‘हिला तरी भायेर ठिवा, हिला निवांत जागा लागती.’ पण नियम सगळ्यांना सारखा. पेठेतल्या ज्या दुकानात तिच्या टोपल्या विकायला असत, त्या दुकानदारानं त्या उचलून रस्त्याच्या कडेला मांडून ठेवल्या. दीपमालानं गाडीतून जाताना त्या बघितल्या आणि मान दुसऱ्या खिडकीकडं वळवली.

बीडला आल्यावर तिनं अंघोळ केली. पुन्हा केली. मोबाइलमध्ये सरांचा नंबर दोनदा काढला. पहिल्यांदा वाटलं, सर जेवत असतील. दुसऱ्यांदा वाटलं, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलंस म्हणतील. माणूस एकदा गप्प बसला की प्रत्येक तासाला त्याचं बोलणं महाग होत जातं. दीपमालाला लाज वाटत होती, आणि ती नेहमीची लाज नव्हती. नेहमीच्या लाजेत तिला कुणीतरी आपल्याकडं बघतंय असं वाटायचं. आज कुणीच बघत नव्हतं, तरी ती खोलीभर मान खाली घालून वावरत होती.

सकाळी सगळे पुन्हा हिवरटाकळीला गेले. मालकाच्या घरच्या माणसांचे नमुने घ्यायचे होते. दवाखान्याच्या पायरीवर चंद्रभागाबाई बसलेली होती.

पायांना धूळ, पदर कमरेला खोचलेला, बोटांना तुराटीच्या चिरा. भल्या सकाळी कुणीतरी फोनवर सांगितलं तशी ती निघाली होती. त्या वेळेला एसटी नव्हती, म्हणून पायी. गाडीतून उतरणाऱ्या तिघांकडं तिनं बघितलं. तिघांच्याही तोंडावर मास्क, दीपमाला तर झग्या-चष्म्यात पार झाकलेली. चंद्रभागाबाईची नजर तिच्यावर आली, थांबली आणि पुढं सरकली. एवढ्यानंच दीपमालाला कळलं, आईनं ओळखलंय.

‘सायब, ते डुकर माजं हाय,’ चंद्रभागाबाई उठून म्हणाली. ‘मी गावात नव्हते म्हणून भामाबाईवर आलं. तिची सोडा, माजी कोंडा. पाच हायेत.’

प्रविण सर गोंधळले. ‘काल तर कुणी बोललं नाही.’

‘कोन बोलंल? आमच्यात बोलत न्हाईत. तुमी फोटू काडलाय म्हनं. डाव्या कानाला दोन काप हायेत का बघा. माज्या दारची बाकीची चार जाऊन बघा, एकूण एक तसलीच.’

सरांनी हात पुढं केला. दीपमालानं मोबाइल दिला. सरांनी फोटो मोठा करून पाहिला. दोन काप, बोटभर अंतरानं, आंधळ्यालाही दिसले असते. त्यांनी राधाकिशनला वस्तीत पिटाळलं. तो वीस मिनिटांत परत आला. चारही डुकरांचे कान तसेच होते आणि भामाबाईच्या अकरांमध्ये तसा एकही नव्हता. एवढंच काम होतं. काल केलं असतं तर कालच झालं असतं. सरांनी कपाळावर हात मारला, कारण चूक त्यांचीही होती आणि ते नाकारणाऱ्यातले नव्हते.

‘कोंडवाडा उघडायला सांग,’ ते राधाकिशनला म्हणाले. ‘आणि भामाबाईंना इकडं बोलाव, मला त्यांची माफी मागायचीय. दीपमाला, नवा फॉर्म भर.’

दीपमाला टेबलाशी बसली. समोर आई उभी. सर विचारायचे, आई सांगायची, ती लिहायची.

‘पूर्ण नाव?’

‘चंद्रभागाबाई बजरंग जाधव.’

‘अरे, तुम्हीपण जाधव?’ सर वातावरण हलकं करायला हसले. ‘आमच्या या मॅडमही जाधव.’

चंद्रभागाबाईही हसली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, ‘त्या मोठ्या घरच्या जाधव, सायब. आमी कुठले!’

पेन कागदावर टेकलेलं होतं, ते तसंच राहिलं. शाईचा ठिपका वाढत होता.

‘घरात माणसं किती? सगळ्यांची चाचणी करावी लागेल.’

‘मी एकलीच.’

‘मुलंबाळं?’

‘न्हाईत,’ चंद्रभागाबाई म्हणाली. पटकन म्हणाली, सराव केल्यासारखी. तीन कोस चालताना तिनं केलाही असेल. लेकीची झाकली मूठ तशीच राहावी, म्हणून तिनं लेकच पुसून टाकली आणि वर टेबलाकडं बघून म्हणाली, ‘लिवा म्याडम. एकली.’

दीपमालानं पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, मग मास्क. मास्कची दोरी कानात अडकली आणि तो सगळा प्रकार हवा होता त्यापेक्षा फार लांबला.

‘सर, ही माझी आई आहे.’

‘म्याडम, कशाला उगाच...’ चंद्रभागाबाई पुढं झाली.

‘माय, बास.’ दीपमाला म्हणाली. ‘आम्ही शिरूरचे नाहीत, सर. मी इथली आहे, या वस्तीतली.’

प्रविण सरांच्या चेहऱ्यावर आधी नुसतं नवल होतं. तिला ज्याची भीती वाटत होती ते त्यात काहीच नव्हतं. त्यांनी नाक मुरडलं नाही, दोन पावलं मागं सरकले नाहीत. उलट चंद्रभागाबाईला म्हणाले, ‘बसा की, मावशी.’ दहा वर्षं जे लपवलं, ते उघडं पडायला एवढाच वेळ लागला. मग हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी टेबलावरचा मोबाइल उचलला, फोटोकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं.

‘म्हणजे काल उकिरड्यावर तुला कळलं होतं?’

भामाबाई तेवढ्यात पायरीपर्यंत येऊन पोचली होती. दीपमालाला ती दिसली. खोटं बोलायला अजूनही जागा होती. नीट दिसलं नाही म्हणता आलं असतं, आता फोटो बघून कळलं म्हणता आलं असतं. कैकाड्याची पोर म्हणवून घेताना तिला वाटली नव्हती एवढी शरम आता वाटत होती, आणि यावेळी ती शरम तिची स्वतःची, कमावलेली होती.

‘हो,’ ती म्हणाली. ‘हातात कान धरला तेव्हाच कळलं होतं.’

सर उठून भामाबाईकडं गेले, हात जोडले आणि चूक झाली म्हणाले. भामाबाईनं ‘असू द्या’ म्हटलं, कारण साहेबाला दुसरं काय म्हणणार? मग ती कोंडवाड्याकडं चालू लागली. दीपमाला तिच्यामागं गेली. झगा तसाच अंगात, तोंड उघडं.

राधाकिशननं दार उघडलं होतं. डुकरं ढकलाढकली करत बाहेर पडली आणि ओढ्याकडं धावली. आत डुकरीण कोपऱ्यात आडवी होती. तिला पिलं लुचत होती. दीपमालानं मोजली, पाच. उरलेली तीन दाराच्या बाजूला पडलेली होती. अकरा डुकरांच्या दाटीत अंगाखाली येऊन चिरडलेली, चपटी, माती लागलेली. महिन्याची झाली नव्हती, म्हणून कान अजून कोरे होते.

भामाबाई खाली बसली. तिन्ही पिलं एकेक करून तिनं पदरात घेतली. दीपमाला तिच्याजवळ बसायला वाकली, पण बसली नाही.

‘मावशी, मी... माझं चुकलं.’

भामाबाईनं वर बघितलं. दहा वर्षांनी तिला ती पोर नीट दिसत होती, आणि तिनं निरखून बघितलं. डोळ्यांत राग असता तर दीपमालानं सोसला असता.

‘तुजी माय तीन कोस पायी आली,’ भामाबाई म्हणाली. ‘तू तर हितंच व्हतीस.’

ती पिलं घेऊन उठली आणि ओढ्याच्या दिशेनं निघाली. दवाखान्याच्या ओसरीवरून चंद्रभागाबाई उतरली आणि तिच्या बरोबरीनं चालायला लागली. दीपमाला कोंडवाड्याच्या दारात उभी राहिली. दोघींपैकी कुणीही तिला चल म्हटलं नाही.